निळीला झोपवायचे दिवस

१३ ऑक्टोबर, रविवार

आज बर्फकिडे दिसले. कांद्याच्या शेडबाहेर, निळीच्या बॉनेटवर. कापसाचे कण चिकटल्यासारखे तीन-चार जण बसले होते. फुंकर मारली तर धड उडाले पण नाहीत, नुसते सरकले. म्हणजे थोड्याच दिवसांत बर्फ.

मामा म्हणाला, "चला, बाईसाहेबांची गादी घालायची वेळ झाली. आपल्याकडे थंडीत झोपतात ती अस्वलं, आणि तुझी गाडी."

बाईसाहेब म्हणजे निळी. माझी आणि शूगोची गाडी. दोन सीटची, टर्बो, जमिनीला चिकटून चालणारी, वयाने जवळजवळ माझ्याएवढी. कागदावर शूगोची आहे, माझ्याबरोबर साखरेच्या फॅक्टरीत होता तो. पण राहते मामाच्या शेडमध्ये, कांद्याच्या क्रेटांच्या मधे, आणि हात माझे काळे होतात. त्यामुळे माझी पण.

गेले तीन हिवाळे आम्ही दोघांनी मिळून तिला झोपवलंय. आधी शेवटची फेरी, बर्फ वितळवायला रस्त्यावर गंज धरवणारं मीठ टाकायच्या आत. मग धुणं-पुसणं, टाकी फुल, बॅटरी काढून घरी, सायलेन्सरच्या तोंडात उंदरांसाठी जाळी, वर कव्हर. एप्रिलपर्यंत गुड नाइट. ह्या एप्रिलला ती उठली आणि त्याच आठवड्यात कंपनीने शूगोची बदली केली. आमच्या बीटच्या साखरेवरून उसाच्या साखरेवर. म्हणजे देशाच्या ह्या उत्तर टोकावरून पार दक्षिण टोकाला, कागोशिमाला. ऑगस्टमध्ये ओबोनच्या, पितरांच्या सणाच्या सुट्टीत येणार होता, जमलं नाही.

आता फोन केला, बर्फकिडे आले म्हणून सांगितलं. त्याने आजची तारीख विचारली. मग म्हणाला, "नोव्हेंबरच्या जोडसुट्टीत येतो. नक्की. तोपर्यंत तिला झोपवू नकोस."

मी कशाला झोपवू एकटी?


१९ ऑक्टोबर, शनिवार

ऑइल बदललं. जुनं ऑइल आत ठेवून झोपवलं की इंजिन आतून खराब होतं, हे मला शूगोनेच शिकवलं. मग गाडी रॅम्पवर चढवून खालून पाइपने धुतली. चाकांच्या आतल्या कमानीत बोटं घालून माती काढली. वाळलेल्या बीटच्या पानाचा तुकडा निघाला. आमच्या फॅक्टरीत हल्ली दिवसभर बीटचे ट्रक, सगळ्या रस्त्यावर चिखल. मी गेटवर वजन करते, नमुने काढते, आणि परत येताना तोच चिखल निळीच्या पोटावरून काढते.

मामा बघत उभा होता. "एवढं मला आंघोळ घालायला कोणी नाही."

"तू स्वतः जातोस की हॉट स्प्रिंगला."

"तिथे पोटाखाली कोण घासतं?"

शूगोचा मेसेज आला: 'निळीची पूर्ण लांबी मोज ना. मागच्या विंगसकट. आणि बंपरचा पुढचा ओठ जमिनीपासून किती वर आहे ते पण.'

मोजून पाठवलं. दोनदा मोजलं. विंगसकट लांबी कशाला हवी असते माणसाला? मला वाटतं तो कव्हर शिवून घेतोय. मापाचं, आतून मऊ कापडाचं. गेल्या वर्षी मी म्हटलं होतं की हे रेडीमेड कव्हर विंगवर ताणलं जातं. त्याने लक्षात ठेवलं. मी काही बोलले नाही, सरप्राइज खराब नको.


२४ ऑक्टोबर, गुरुवार

वॅक्स. दारांच्या रबरांना सिलिकॉन. हे केलं नाही तर वसंतात दार उघडताना रबर दाराबरोबर येतं.

शेडमध्ये तिची जागा झाडून घेतली. खाली प्लास्टिक, त्यावर प्लायवूड, म्हणजे काँक्रीटची ओल वर चढणार नाही. दोन्ही बाजूंना कांदे. दर वर्षी एप्रिलमध्ये पहिले दोन आठवडे गाडीला कांद्याचा वास येतो. शूगो म्हणायचा, "हा आपला कंपनी परफ्यूम."

टाकी फुल करायची होती. अर्धी रिकामी राहिली तर आत घाम धरतो आणि गंज लागतो. शूगो म्हणाला नको, अर्धीच ठेव. का विचारलं तर म्हणाला, "आल्यावर बघू." आणि इन्शुरन्सचे कागद, फिटनेसचं सर्टिफिकेट ग्लोव्ह बॉक्समध्येच आहे ना, हे पण विचारलं. किती काळजी करतो. एवढ्या लांबून त्याला टाकीची आणि कागदांची चिंता आहे.

आज त्याच्याकडच्या राखेबद्दल वाचत बसले. तिथे बर्फ नाही पडत, ज्वालामुखीची राख पडते. लोक छत्री घेऊन फिरतात. राख काचेसारखी असते, फडक्याने पुसली तर रंगावर ओरखडे. फक्त पाण्याने वाहवायची. मी सगळं वाचून काढलं. मग तिकडच्या साखर कारखान्यांत वजनाच्या गेटवर माणसं लागतात का, ते पण पाहिलं. लागतात. ऊस पण शेवटी ट्रकमधूनच येतो.

मी कोणाला सांगितलेलं नाही. पण इथे लिहिते. शूगो जोडसुट्टीत आला की मला विचारेल, चल म्हणून. मला असं वाटतंय. आणि मी काय म्हणेन ते पण मला माहितेय.


२९ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी शेतांवर पांढरं दव. सेकिहोकू घाटात मीठ टाकणारी गाडी दिसली, असं ट्रकवाले गेटवर सांगत होते. गावातले सगळे टायर बदलतायत. मामाने सगळ्या गाड्यांचे बदलून टाकले, ट्रकचे पण. मला म्हणाला, "निळीचं काय?"

"निळीला बर्फाचे टायर नाहीतच ना मामा. ती बर्फात कधी जाते?"

"बर्फ कॅलेंडर बघून पडत नाही. पोरगा येईपर्यंत थांबणारेस?"

"येतोच आहे."

"हं," म्हणाला मामा. मामाचं हं मला आवडत नाही.


२ नोव्हेंबर, शनिवार

आला.

विमानतळावरून बाहेर आला तेव्हा पातळ जॅकेट. मी म्हटलं, "तू पिकनिकला आलायस का?" तो हसला आणि दात वाजत होते. रंग काळवंडलाय. चेहरा जरा भरलाय. मामासाठी रताळ्याची दारू, आईसाठी कसलातरी पांढरा स्पंजसारखा गोड केक. कव्हर नव्हतं. मी बॅगेकडे दोनदा बघितलं. म्हटलं, कुरियरने येईल.

दुपारी शेवटची फेरी. घाटाकडे नाही गेलो, तिकडे मीठ. समुद्राकडे, सारोमा तळ्याच्या बाजूने. रस्ता कोरडा, ऊन तिरकं, एकही गाडी नाही. त्याने चालवली. मग मी. तिसऱ्या गिअरमध्ये टर्बो उठला की छातीत काहीतरी मागे राहतं आणि आपण पुढे जातो. त्या आवाजात बोलता येत नाही, ते मला फार आवडतं. तळ्यापाशी थांबलो. इंजिन टिक टिक करत थंड होत होतं. शूगो बॉनेटवर हात ठेवून उभा होता.

मी म्हटलं, "पाच महिने आता नाही."

तो म्हणाला, "इबू, मी हिला घेऊन जातोय."

मला आधी वाटलं शेडपर्यंत म्हणतोय. म्हटलं, घे ना, तू चालव.

"तिकडे. कागोशिमाला. सोमवारी संध्याकाळी तोमाकोमाईहून बोट आहे, नागोयापर्यंत. पुढे चालवत जाईन. तिकडे वर्षभर चालवता येते गं. झोपवावं लागत नाही."

लांबी. विंगसकट. बोटीवाले लांबीप्रमाणे जागा देतात. मी मोजून दिली, दोनदा.

मी म्हटलं, "अच्छा." अजून एकदा म्हटलं, "अच्छा." येताना त्यानेच चालवली.

रात्रीचं जेवण मामाकडे, कोळशावर मटण. शूगो म्हणाला सोया सॉस खारट लागतोय. मामा म्हणाला, "कालपर्यंत बाटली तोंडाला लावायचास. तिकडे काय साखर घालतात?" शूगो म्हणाला, "हो, गोडच असतो." सगळे हसले. मी पण हसले. त्याने फोनवर तिकडचं घर दाखवलं. बाल्कनी, धुराचा डोंगर, खाली पार्किंगची जागा एक. खोली एक. मी म्हटलं छान आहे.

जेवण होईपर्यंत बाहेर बर्फ पडायला लागला.


३ नोव्हेंबर, रविवार

बर्फ थांबलाच नाही. सकाळी शेडचं दार उघडलं तर घोट्याएवढा. घाट पांढरा, रस्त्यावर मीठ आणि चिखलाचं सरबत. आणि निळीला उन्हाळी टायर, रुंद, गुळगुळीत. ह्या टायरवर ती शेडबाहेरचा उतारही चढणार नाही.

मी खरं लिहिते. मला इतका आनंद झाला की मी दाराआड तोंड फिरवून उभी राहिले.

शूगो फोनवर फोन. त्या साइझचे बर्फाचे टायर गावात कोणाकडे नाहीत. ओढून नेणाऱ्या गाड्या, सगळ्या बुक. ज्याची त्याची गाडी कुठल्या ना कुठल्या खड्ड्यात. बोट सोमवारची चुकली तर त्याची रजा नाही, आणि मग वसंतापर्यंत नाही. म्हणजे निळी इथे झोपेल. म्हणजे एप्रिलमध्ये त्याला यावं लागेल.

तो क्रेटवर बसला आणि म्हणाला, "बर्फकिडे आले तेव्हाच यायला हवं होतं. विसरलो मी किती पटकन होतं हे."

मी त्याला कॉफी आणून दिली. प्लायवूड नीट केलं. बॅटरीचा पाना बाहेर काढून ठेवला, नुसता, दिसेल असा.

आणि सगळा वेळ मला समोर दिसत होता मामाचा ट्रक. ज्याचा हौदा मागे सरकून जमिनीला टेकतो, ज्यावर मामा ट्रॅक्टर चढवतो. टायर बदललेला. शूगोला तो असा टेकतो हे माहीत नाही, मामाने मे महिन्यात घेतला. मामा शेडच्या मागे बर्फ लोटत होता आणि एक शब्द बोलत नव्हता. त्यालाही दिसत होताच. तो माझ्याकडे बघायचा आणि परत लोटायला लागायचा.

दुपारी शूगो निळीत जाऊन बसला. इंजिन चालू नाही, नुसता बसला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी काचेतून बघितलं. एप्रिलपासून तो कुठल्यातरी कंपनीच्या पांढऱ्या व्हॅनमध्ये फिरतोय. आणि त्याचा चेहरा तसाच झाला होता, जसा माझा निळीत बसल्यावर होतो.

मी गेले, काच ठोठावली आणि म्हटलं, "मामाच्या ट्रकवर जाईल ती."

त्याने उडी मारून मला मिठी मारली. बर्फाचा, कांद्याचा, वॅक्सचा वास. मला सोडल्यावर तो मामाला विचारायला पळाला.

मामा नंतर मला म्हणाला, "मी बोलणार नव्हतो."

"माहितेय."

"तू नसतं सांगितलंस तरी मी काही म्हटलं नसतं."

"माहितेय, मामा."

मग निळीला बांधायची तयारी केली. घाटात पुढच्या गाड्या मिठाचं पाणी उडवणार, ते लागू नये म्हणून सगळं. सायलेन्सरच्या तोंडासाठी फडकं आणि टेप, ती हौद्यावर चढली की लावायला. पुढच्या जाळीवर प्लास्टिक. तिचं रेडीमेड कव्हर, विंगवर ताणलेलं, आणि त्यावर कांद्याची ताडपत्री टाकायची तयारी. मी सगळं तिला झोपवताना करते तसंच केलं. फक्त बॅटरी नाही काढली. शेवटी चाकांवर पाणी मारून चिखल धुतला आणि शूगोने गाडी सरळ करून ठेवली.


४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी निळी हलेना.

मामाने खाली वाकून बघितलं, उठला आणि शूगोला विचारलं, "हँडब्रेक ओढलास?"

शूगोने आत बघितलं. ओढलेला होता.

इथे नोव्हेंबरनंतर शाळेतली पोरंसुद्धा हे करत नाहीत. चाकं ओली, रात्री गोठलं, ब्रेक चिकटला. गिअरमध्ये टाकायची आणि सोडायची, बस. शूगो ह्या गावात जन्मला.

मामा म्हणाला, "एका उन्हाळ्यात विसरलास होय रे?"

"तिकडे सगळीकडे चढ-उतार आहेत," शूगो म्हणाला. कान लाल झाले होते.

मामाने पुढे काही म्हटलं नाही. ह्याचंच मला वाईट वाटलं. मामा सोडून देतो तेव्हा समोरचा पाहुणा असतो.

कांदे वाळवायचा गरम हवेचा पंखा ओढून आणला आणि मागच्या चाकांवर लावला. मी आत बसून हळूहळू पुढे-मागे करत राहिले. शेवटी टक् असा आवाज आला आणि ती सुटली. तिला मीच हौद्यावर चढवली. खाली फळ्या टाकून, ओठ घासू न देता. मोजलेला होताच. मग इंजिन बंद करून फडकं, टेप, कव्हर, ताडपत्री सगळं लावलं.

ट्रकमध्ये तिघं. मामा चालवायला, मधे शूगो, खिडकीशी मी. घाटात पांढरं. मामा रेडिओवर कांद्याचे भाव ऐकत होता. शूगोचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता आणि वळणावर जास्त लागायचा. त्या घाटात वळणं खूप आहेत. मला वाटत होतं, अजून असावीत.

मी त्याला राखेचं सगळं सांगितलं. फडकं नाही लावायचं. आधी वायपर उचलायचे, मग पाणी. एअर फिल्टर लवकर बदलायचा. तो म्हणाला, "तुला माझ्यापेक्षा जास्त माहितेय तिथलं." मी म्हटलं, "वाचलं." कुठल्या गेटवर माणसं लागतात ते नाही सांगितलं.

तोमाकोमाईला बर्फ नव्हता. खारा वारा. निळी खाली उतरवली, टेप काढला, फडकं काढलं. ती चालू झाली. पहिल्याच फटक्यात. बंदरावर रांगेत उभे ट्रकवाले वळून बघत होते. मामा चहा आणायला गेला, खरं तर त्याला चहा नको होता.

शूगो टायरची हवा बघत होता, खाली बसून.

मी म्हटलं, "मला का नाही विचारलंस?"

"काय?"

"चल म्हणून."

त्याने गेज पुढच्या टायरला लावला. मला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही.

मग म्हणाला, "तू हो म्हणाली असतीस. म्हणून."

पिवळ्या जॅकेटातल्या माणसाने हात केला, शूगोची रांग सुटली. शूगो उठला, मला काहीतरी म्हणणार होता, मागे हॉर्न वाजला. मग तो आत बसला आणि गेला. बोटीच्या उतारावर ओठ टेकला नाही. मी ते बघत होते. बाकीचं बघायला हवं होतं, पण मी ओठ बघत राहिले.

परत येताना घाट लागला तसा मामाने रेडिओ बारीक केला. मग म्हणाला, "भूक लागली का गं?"

लागली होती.


५ नोव्हेंबर, मंगळवार

गेटवर दिवसभर ट्रक. काही लिहायचं नाही.


१६ नोव्हेंबर, शनिवार

फोटो आला. निळी पार्किंगमध्ये, वर राखेचा करडा थर. कोणीतरी बॉनेटवर बोटाने हसरं तोंड काढलंय. खाली लिहिलं होतं: 'इथे आल्यापासून आज ७०० किलोमीटर झाले. मस्त चालते. तिकडे किती बर्फ?'

मी लिहिलं: 'बोटाने पण ओरखडे येतात. पाणी मार.' मग लिहिलं: 'गुडघ्याएवढा.'

ती वाक्यं बारा दिवस डोक्यात फिरतायत. तू हो म्हणाली असतीस म्हणून. म्हणजे काय? म्हणजे मी यावं असं त्याला वाटत नव्हतं? का मी सगळं सोडून आले असते त्याची भीती वाटली? आईला विचारावंसं वाटलं, नाही विचारलं. मामाला विचारलं असतं तर तो हं म्हणाला असता.

मी हो म्हणाले असते, हे मात्र खरं. तळ्यापाशीच. ट्रकमध्ये, खिडकीशी बसून सुद्धा. नुसती वळणं मोजत बसले होते तेव्हा पण. त्याला ते दिसत होतं, हे मला आज कळलं. मला वाटायचं मी लपवलंय.


८ डिसेंबर, रविवार

हिवाळ्यात रविवारचं एक काम असतं. गाडी महिनोन् महिने एकाच जागी उभी राहिली की टायर खालून सपाट होतात. म्हणून दर रविवारी वीतभर पुढे ढकलायची, पुढच्या रविवारी वीतभर मागे. इंजिन लावायचं नाही, नुसतं ढकलायचं.

आज नाश्ता केला, बूट घातले, हातमोजे घेतले आणि शेडमध्ये गेले. दार ढकललं, दिवा लावला. प्लायवूड. प्लास्टिक. त्यावर काही नाही.

मी हातमोजे घातलेले होते.

मामा पलीकडे कांदे निवडत बसला होता. मला बघितलं. हातमोजे पण बघितले. त्याने विचारलं नाही की कशाला आलीस. बराच वेळ त्याने कांदे निवडले आणि मी प्लायवूडच्या कडेवर उभी राहिले. बाहेर बर्फ लोटणारी गाडी गेली, तिचा आवाज लांब जाईपर्यंत.

मग मामा म्हणाला, "तिकडच्या भिंतीचे क्रेट गारठतायत. मधे घ्यायला हवेत. पण घाई नाही. वसंतात घेतले तरी चालतील."

वसंतापर्यंत कांदे उरत नाहीत, हे मलाही माहितेय आणि त्यालाही.

"मधे म्हणजे इथे?" मी विचारलं.

"दुसरीकडे जागा कुठेय?"

मी म्हटलं, "घेऊ या मग."

त्याने पहिला क्रेट सोडवला आणि पंपाने उचलायच्या हातगाडीवर घेतला. लोखंडी, माझ्या छातीएवढा, गच्च भरलेला. तो एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने. प्लायवूडवर चढताना अडला. मी दोन्ही हात लावले, वाकले.

"पाठीने नाही," मामा म्हणाला, "पायांनी ढकल."

"मला येतं ढकलता," मी म्हटलं.